सुरक्षित एडिटरची निवड



शाळेंत संगणक आला, आणि कित्येकांच्या घरींही आला. पत्र लिहिणें, चित्र काढणें, हिशेब ठेवणें हीं त्याचीं कामें आपल्या परिचयाचीं आहेत. परंतु चालू होतांना कोणती डिस्क कोठें जोडावी, जाळ्यावर आपला पत्ता कोणता सांगावा, कोणत्या माणसास किती अधिकार द्यावा, हें त्या संगणकास कोण सांगतें ? लिनक्स व युनिक्स ह्या वंशाच्या संगणकांत हें सर्व साध्या मजकुराच्या लहान लहान फाइलींत लिहून ठेवलेलें असतें. ह्यांतील बहुतेक फाइली ‘ईटीसी’ नांवाच्या डिरेक्टरींत राहतात. त्यांस कॉन्फिगरेशन फाइली म्हणतात. त्या उघडून त्यांत लिहिण्याचें जें साधन, त्यास टेक्स्ट एडिटर किंवा नुसतें एडिटर असें नांव आहे. हें साधन निवडतांना काय पाहावें, ह्याचा विचार येथें करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

निबंधांत एखादें अक्षर चुकलें तर एखादा गुण कमी होतो, पण वाचणारा अर्थ जुळवून घेतो. संगणक तसें करीत नाहीं. उदाहरणार्थ, ‘एफएसटॅब’ ही फाईल घ्या. तिच्या प्रत्येक ओळींत सहा रकाने असतात. कोणती डिस्क, ती कोठें जोडावी, तिची रचना कोणत्या जातीची, ती कोणत्या अटींवर जोडावी, हे पहिले चार. आणि प्रत काढणें व तपासणी करणें ह्यांसंबंधीं दोन अंक, हे शेवटचे दोन. पहिल्या रकान्यांत डिस्कची खूण एका अक्षरानें चुकली, तर पुढील खेपेस चालू होतांना यंत्र त्या नसलेल्या डिस्कची कांहीं वेळ वाट पाहतें, आणि मग नेहमींचें चित्र न दाखवितां दुरुस्तीच्या काळ्या पडद्यावर थांबून राहतें. यंत्र मोडलेलें नसतें. त्यास चुकीचा पत्ता दिलेला असतो, इतकेंच.

ह्याहून नाजूक गोष्ट अधिकाराची. अशा संगणकावर ‘रूट’ नांवाचा एक सर्वाधिकारी असतो. त्यास कोणतीही फाईल वाचतां, बदलतां व पुसून टाकतां येते. रोजच्या कामास त्या नांवानें बसणें धोक्याचें. म्हणून विश्वासांतील माणसास तेवढ्या कामापुरता तो अधिकार देण्याची ‘सुडो’ नांवाची सोय आहे. अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्याच्या बफलो येथील विद्यापीठांत बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर ह्यांनीं १९८० च्या सुमारास ती प्रथम तयार केली. रूट हा धनी मानला, तर सुडो वापरणारा त्याचा कारभारी होय. कारभारी कोणास नेमिलें आहे, हें ‘सुडोअर्स’ नांवाच्या फाइलींत लिहिलेलें असतें.

ह्या फाइलींत पूर्वीं एक चिन्ह चुकलें कीं सुडो कोणाचेंच ऐकत नसे. अलीकडील आवृत्त्या चुकलेली ओळ टाकून पुढील मजकूर वाचण्याचा यत्न करतात. परंतु आपणांस अधिकार देणारी ओळच जर ती असेल, तर काय? फाईल दुरुस्त करावयास अधिकार हवा, आणि अधिकार तर त्या फाइलींतच अडकलेला ! किल्ली आंत विसरून बाहेरून दार ओढून घ्यावें, तसा हा प्रकार. उबंटूसारख्या लिनक्समध्यें रूटचा पासवर्ड मुळांत बंदच ठेवलेला असतो. तेव्हां तेथें बहुधा यंत्र पुन्हा सुरू करून दुरुस्तीच्या वाटेनें आंत शिरावें लागतें. प्रयोगशाळेंतील ज्या यंत्रावर साऱ्या वर्गाचें काम अवलंबून आहे, त्यावर असें घडलें तर एकाच्या एका अक्षरानें चाळीस मुलांचा तास बुडतो. यास्तव एडिटरची निवड हा केवळ आवडीचा प्रश्न नव्हे. आमच्या मतें त्याच्या चार कसोट्या आहेत.

पहिली कसोटी ही कीं, एडिटरनें आपण टंकलेला मजकूर जसाच्या तसा ठेवावा, पदरचें कांहीं घालूं नये. वर्ड-प्रोसेसर ह्या कसोटीस उतरत नाहीं. तो अक्षरांबरोबर त्यांचा आकार, रंग व समास हेंही त्याच फाइलींत भरून ठेवतो. सरळ अवतरणचिन्हें वांकडीं करतो. दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ करतो. छापील पानास हें शोभतें. परंतु संगणकाच्या आज्ञेंत सरळ चिन्ह व वांकडें चिन्ह हीं दोन निराळीं अक्षरें आहेत. मॅक संगणकांतील ‘टेक्स्ट-एडिट’ हें साधन देखील आरंभीं सजविलेल्या मजकुराच्या तयारीनेंच उघडतें. त्यास साधा मजकूर लिहिण्याची आज्ञा प्रथम द्यावी लागते. विंडोजमधील ‘नोटपॅड’ साधाच मजकूर लिहितें, पण नवी फाईल ठेवतांना नांवापुढें ‘टीएक्सटी’ असें शेपूट लावतें. मग ‘होस्ट्स’ ह्या फाइलीच्या जागीं ‘होस्ट्स-टिंब-टीएक्सटी’ अशी दुसरीच फाईल तयार होते. ती संगणक कधींच वाचीत नाहीं, आणि लिहिणारा मात्र आपला बदल लागूं कां पडत नाहीं म्हणून बुचकळ्यांत पडतो.

न दिसणाऱ्या खुणांचा त्रास ह्याहूनही मोठा. ओळ संपली हें दाखविण्यास युनिक्सच्या वंशांत एक अदृश्य खूण असते, विंडोजमध्यें दोन. टेलिप्रिंटरच्या काळीं छापणारा गाडा परत डावीकडे नेणें ही एक आज्ञा, आणि कागद एक ओळ वर सरकविणें ही दुसरी; त्या दोन आज्ञांचा वारसा विंडोजकडे आला. विंडोजवर लिहिलेली आज्ञावली लिनक्सवर नेली, तर ती जादा खूण पहिल्याच ओळींतील कार्यक्रमाच्या नांवास चिकटते, आणि तशा नांवाचा कार्यक्रम सांपडत नाहीं असें यंत्र उत्तर देतें. नोटपॅडला २०१८ सालच्या सुधारणेपूर्वीं युनिक्सची एकेरी खूण ओळखतांही येत नसे. सर्व ओळी एकापुढें एक धांवतांना दिसत. नॅनो नांवाचा एडिटर, ज्याविषयीं पुढें सांगूं, तोही पूर्वीं लांब ओळ आपणहून तोडून दोन ओळी करी. २०१९ सालच्या ४.० ह्या आवृत्तीपासून त्यानें ती खोड सोडली. अजूनही कोठें जुनी आवृत्ति असेल, तर ओळ न तोडण्याची सूचना देऊनच तो उघडावा.

मराठी लिहिणारांनीं तर येथें विशेष जपावें. कळफलक देवनागरीवर राहून गेला, तर ‘१’ हा अंक आपणांस एकच दिसतो, पण संगणकाच्या लेखीं तो इंग्रजी एकाहून सर्वस्वीं निराळा. इंग्रजी अंक एका बाइटांत मावतो, तर यूटीएफ-८ ह्या रीतींत देवनागरी अंकास तीन बाइट लागतात. विसर्ग व अपूर्णविराम हे तर जुळे भाऊच. डोळ्यांस दोन्हींकडे एकावर एक ठेवलेलीं दोन टिंबेंच दिसतात. पण अपूर्णविरामाच्या जागीं विसर्ग पडला कीं संगणक ती ओळ नाकारतो. ‘वाऱ्यावर’ ह्या शब्दांतील अर्धा र लिहितांना कांहीं कळफलक एक अदृश्य जोडखूणही घालतात. मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे नेतांना तीही मुकाट्यानें बरोबर येते. ‘यॅमल’ नांवाच्या रीतीनें लिहिलेल्या फाइलींत ओळीच्या आरंभींची मोकळी जागा अर्थपूर्ण असते, आणि तेथें टॅबची कळ वापरणें निषिद्ध आहे. अशा वेळीं अदृश्य खुणा दाखविणारा एडिटर हाच खरा मित्र. लिनक्समध्यें ‘कॅट’ ह्या आज्ञेस मोठ्या लिपींतील ‘ए’ ह्या अक्षराची जोड दिली, म्हणजे टॅब, ओळीचा शेवट व परकीं अक्षरें हीं सर्व उघडीं पडतात.

दुसरी कसोटी परत फिरण्याच्या वाटेची. ज्या घरांतून बाहेर पडण्याचें दार ठाऊक नाहीं, त्यांत अंधारांत शिरूं नये. एडिटर शिकतांना लिहिणें कसें हें विचारण्यापूर्वीं, कांहींही न बदलतां बाहेर कसें पडावें, हें विचारावें. येथें दोन प्रसिद्ध एडिटरांची तुलना बोधप्रद होईल.

‘व्हीआय’ हा एडिटर बिल जॉय ह्यांनीं १९७६ च्या सुमारास कॅलिफोर्नियांतील बर्कली विद्यापीठांत लिहिला. युनिक्स वंशाच्या बहुतेक यंत्रांवर तो किंवा त्याचा एखादा वारस सांपडतोच. म्हणून जुने व्यवस्थापक त्यास सोडीत नाहींत. त्याचा आजचा प्रसिद्ध वारस ‘व्हिम’ हा होय. तो नेदरलंड्समधील ब्राम मोलेनार ह्यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केला. ह्या गृहस्थांनीं १९९४ सालीं युगांडा देशांतील किबाले येथें मुलांच्या एका केंद्रांत स्वयंसेवक म्हणून वर्षभर काम केलें. व्हिम कोणासही फुकट मिळतो. पण ज्यास तो उपयोगीं पडेल त्यानें तेथील गरजू मुलांच्या साह्यार्थ कांहीं द्यावें, अशी विनंति त्यांनीं त्यास जोडून दिली. २०२३ सालीं ते निवर्तले; ती विनंति अद्याप व्हिमबरोबर आहे.

व्हिम चालू होतो तो आज्ञा ऐकण्याच्या तयारींत, लिहिण्याच्या नव्हे. नवख्यानें सरळ टंकावयास आरंभ केला तर त्याचीं अक्षरें आज्ञा ठरतात. ‘डी’ हें अक्षर दोनदां दाबलें कीं सबंध ओळच नाहींशी होते. म्हणून एस्केपची कळ, मग अपूर्णविराम, ‘क्यू’, उद्गारचिन्ह व शेवटीं एंटर, हा मंत्र प्रथम पाठ करावा. म्हणजे कांहींही न बदलतां बाहेर पडतां येतें. व्हिमचा एक गुणही सांगितला पाहिजे. तो उघडलेल्या फाइलीशेजारीं एक तात्पुरती नोंद ठेवतो. तीच फाईल दुसऱ्या कोणी उघडली असेल, किंवा मागच्या खेपेस वीज जाऊन काम अर्धवट राहिलें असेल, तर तो आधींच सावध करतो.

‘नॅनो’ हा ख्रिस अ‍ॅलेग्रेटा ह्यांनीं १९९९ सालीं लिहावयास घेतला, आणि २००० सालीं त्यास हें नांव मिळालें. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ‘पिको’ ह्या एडिटरच्या धर्तीवर तो बेतलेला आहे. त्यांत टंकलेलें अक्षर तें अक्षरच राहतें, आणि पडद्याच्या तळाशीं दोन ओळींत मुख्य आज्ञा सदैव लिहिलेल्या असतात. कंट्रोल व ‘एक्स’ ह्या कळा एकत्र दाबल्या कीं बदल ठेवावयाचा काय असें तो विचारतो. ‘एन’ म्हटलें कीं मूळ फाईल जशीच्या तशी राहते. नवशिक्यास ह्याहून सोपी परतीची वाट नाहीं.

तिसरी कसोटी अधिकाराची. एडिटरला अवश्य तेवढाच अधिकार द्यावा, अधिक नव्हे. पुष्कळ लोक सुडो लावून सबंध एडिटरच रूटच्या नांवानें चालवितात. ह्यांत धोका असा कीं, व्हिमसारख्या एडिटरमधून इतर आज्ञाही चालवितां येतात. म्हणजे एक फाईल बदलण्याची परवानगी मागणाऱ्याच्या हातीं साऱ्या घराच्या किल्ल्या पडतात. शिवाय एडिटरला जोडलेलीं लहानसहान उपकरणेंही तितक्याच अधिकारानें चालूं लागतात. २०१९ सालीं व्हिममध्यें असा एक दोष उघडकीस आला होता कीं, कपटानें रचलेली फाईल नुसती उघडतांच तिच्यांतील आज्ञा चालविली जाऊं शके. ८.१.१३६५ ह्या आवृत्तींत तो दुरुस्त झाला. पण रूटच्या अधिकारानें अशी फाईल कोणी उघडली असती तर परिणाम काय झाला असता, ह्याची कल्पना करावी.

ह्यावर ‘सुडोएडिट’ हा उत्तम उपाय आहे. तो मूळ फाईल आपल्या हातीं देतच नाहीं; तिची एक तात्पुरती प्रत काढतो, आपल्या आवडीचा एडिटर आपल्याच साध्या अधिकारानें त्या प्रतीवर चालवितो, आणि आपण बदल ठेवून बाहेर पडलों म्हणजेच ती प्रत मूळ जागीं नेऊन ठेवतो. कांहीं बदललें नसेल तर मूळ फाइलीस तो हातही लावीत नाहीं. मात्र कोणतेंही साधन निर्दोष म्हणून निश्चिंत राहूं नये. सुडोएडिटमध्येंही एक दोष २०२३ च्या जानेवारींत जाहीर झाला, आणि १.९.१२पी२ ह्या आवृत्तींत तो काढण्यांत आला. तेव्हां साधनें वेळच्यावेळीं अद्ययावत् करणें हाही सुरक्षिततेचा भाग आहे.

चौथी कसोटी तपासणीची, आणि ही आम्ही सर्वांत श्रेष्ठ मानतों. लिहिलेलें लागूं होण्यापूर्वीं तें कोणी तरी वाचून पाहिलें पाहिजे. सुडोअर्स ह्या फाइलीकरितां ‘व्हिसुडो’ नांवाची आज्ञा ह्याचसाठीं आहे. ती प्रथम फाइलीस कुलूप घालते, म्हणजे दोघांनीं एकाच वेळीं लिहून एकमेकांचें काम बिघडवूं नये. मग एका तात्पुरत्या प्रतीवर एडिटर उघडते. लिहून संपल्यावर प्रतीचें व्याकरण तपासते, आणि चूक असेल तर ओळीचा क्रमांक सांगून आतां काय करावें असें विचारते. ‘ई’ म्हणजे पुन्हा दुरुस्त करणें. ‘एक्स’ म्हणजे बदल टाकून बाहेर पडणें. मोठें ‘क्यू’ म्हणजे चुकीसकट ठेवणें. हें तिसरें उत्तर देण्याचा मोह कोणासही न होवो ! व्हिसुडो ह्या नांवांत व्हीआयचें नांव दडलें आहे. तरी आपल्या व्यवस्थेनें परवानगी दिली असेल, तर ‘एडिटर’ ह्या नांवाच्या सूचनेंत नॅनो असें सांगून तीच तपासणी नॅनोसह मिळवितां येते. अशाच प्रकारें खातेदारांच्या फाइलीकरितां ‘व्हीआयपीडब्ल्यू’, गटांच्या फाइलीकरितां ‘व्हीआयजीआर’, आणि ठराविक वेळीं करावयाच्या कामांच्या यादीकरितां ‘क्रॉनटॅब’ ही आज्ञा ‘ई’ ह्या अक्षरासह वापरावी.

ज्या फाइलींस असा खास रखवालदार नाहीं, त्यांची परीक्षा आपण स्वतः घ्यावी. दुरून प्रवेश देणाऱ्या ‘एसएसएच’ ह्या सेवेच्या कार्यक्रमास ‘टी’ ह्या अक्षरासह हांक मारली, तर तो आपली फाईल वाचून चूक सांगतो, आणि सेवा चालू करीत नाहीं. एफएसटॅबची परीक्षा ‘फाइंडमाउंट’ ही आज्ञा ‘व्हेरिफाय’ ह्या सूचनेसह घेते. उबंटूमध्यें जाळ्याची व्यवस्था बदलतांना ‘नेटप्लॅन ट्राय’ म्हटलें, तर नवी व्यवस्था केवळ परीक्षेपुरती लागूं होते. १२० सेकंदांत आपण होकार दिला नाहीं, तर जुनी व्यवस्था आपोआप परत येते. दूरच्या यंत्रावर काम करणाराची ह्यानें मोठी सोय होते. नव्या व्यवस्थेनें त्याचा संबंध तुटला, तरी दोन मिनिटांनीं तो पुन्हा जुळतो.

परंतु एक गोष्ट विसरूं नये. तपासणारी आज्ञा व्याकरण पाहते, हेतु पाहत नाहीं. रामाऐवजीं गोविंदास सर्वाधिकार दिला, आणि ओळ शुद्ध लिहिली, तर व्हिसुडो ती निमूटपणें मान्य करील. शुद्धलेखन बिनचूक असलेल्या निबंधांतही खोटें लिहितां येतें, तद्वत् हें आहे. म्हणून शेवटची तपासणी मनुष्याचीच. बदलापूर्वीं मूळ फाइलीची एक प्रत तारखेसह निराळ्या ठिकाणीं ठेवावी. एका वेळीं एकच बदल करावा. मग ‘डिफ’ ह्या आज्ञेनें जुनी व नवी प्रत ताडून पाहावी. ज्या ओळीस हात लावावयाचा नव्हता, ती बदललेली दिसली कीं तेथेंच थांबावें. दूरच्या यंत्रावर काम असेल, तर नवा प्रवेश यशस्वी झाल्याची खात्री होईपर्यंत जुनी खिडकी बंद करूं नये.

आतां आमचा निर्णय थोडक्यांत सांगतों. नवशिक्यानें नॅनो घ्यावा, आणि तो सुडोएडिटमार्फत चालवावा. सुडोअर्स ही फाईल मात्र व्हिसुडोवांचून कोणीही, कितीही निष्णात असला तरी, उघडूं नये. ज्यास पुढें हा व्यवसाय करावयाचा आहे, त्यानें सवड काढून व्हिमही शिकावा. कारण एखाद्या परक्या यंत्रावर नॅनो नसेल, तेव्हां तोच कामास येईल. वर्ड-प्रोसेसर ह्या कामीं कोणीही वापरूं नये. एडिटर कोणता सुंदर ह्यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतील. त्यांस चार प्रश्न विचारावे. तो पदरचें कांहीं घालतो काय ? त्यांतून सुखरूप परत फिरतां येतें काय ? त्यास अवश्य तेवढाच अधिकार दिला आहे काय ? आणि त्यानें लिहिलेलें लागूं होण्यापूर्वीं कोणी वाचून पाहतें काय ?

पालकांस आमची एक विनंति आहे. मुलांनीं हें शिकावें अशी इच्छा असेल, तर घरांतील हिशेबाचा किंवा कामाचा संगणक त्यांच्या प्रयोगास देऊं नये, आणि त्यांचा उत्साहही मोडूं नये. एखादें जुनें यंत्र किंवा रास्पबेरी पाय नांवाचा लहानसा संगणक त्यांस द्यावा. ह्या छोट्या संगणकाची सारी व्यवस्था एका काढतां येण्याजोग्या कार्डावर असते. आरंभाची मुख्य फाईल बिघडली तर कार्ड काढून दुसऱ्या संगणकावर ती दुरुस्त करतां येते. सर्वच बिघडलें तर कार्ड पुन्हा नव्यानें लिहितां येतें. तेथें चूक झाली तरी ती शिकवून जाते, कोणाचें नुकसान करीत नाहीं.

आणि विद्यार्थ्यांनों, शाळेच्या यंत्रावर ज्यास सुडोचा अधिकार मिळेल त्यानें आपणांस धनी समजूं नये. तो कारभारी आहे, आणि कारभाऱ्यास हिशेब द्यावा लागतो. एका लहानशा फाइलींतील एक ओळ सांभाळून बदलणें, बदलण्यापूर्वीं प्रत ठेवणें, आणि काय बदललें तें शिक्षकांस सांगणें, हीं कामें दिसावयास थोडीं आहेत; परंतु थोडक्यांत विश्वासू राहण्याची संवय ज्यास लागली, त्याच्या हातीं पुढें मोठें काम सोंपवितांना कोणाचेंही मन कचरणार नाहीं.